गोफणीला स्टन दिलं आणि टेबल बिघडलं, हा हाउसरूल आता कसा सुधारू?

घाटवाट_डीएम:

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आम्ही पाच जण पुण्यात दर रविवारी संध्याकाळी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) खेळतो, मी डीएम (गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा) आणि चार प्लेअर, पाचवी एडिशन, २०१४ चं पुस्तक. जग माझं स्वतःचं आहे, सह्याद्रीसारखे घाट, गड, जकातीची नाकी, दोन गावांमधलं पाण्याचं भांडण, असं. चौघांत माझी मावसबहीण आहे, ती पहिल्यांदाच असलं काही खेळतेय आणि तिने रोग नावाचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घेतलाय (मराठीत हा शब्द वाचताना भलताच अर्थ लागतो म्हणून पुढे चोर लिहितो). बाकी एक फायटर (लढवय्या), एक क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारी) आणि एक मंक (हातापायाने लढणारा).

कॅरॅक्टर बनवतानाच ती म्हणाली की मला धनुष्य नको, गोफण हवी. आमच्या दोघांचं आजोळ एकच, माणदेशात, आणि संक्रांतीच्या आसपास तिकडे गेलो की आजोबा ज्वारीत मचाणावर उभं राहून गोफण फिरवायचे ते आम्ही दोघांनी पाहिलंय. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी लगेच हो म्हटलं. मग पुस्तक उघडलं तर गोफणीला १डी४ डॅमेज (चार बाजूंचा एक फासा, पडेल तेवढी इजा) आणि पल्ला ३० फूट, लांबून मारायचं तर १२० पर्यंत पण डिसअॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी पडलेला घ्यायचा), आणि शॉर्टबोला १डी६ आणि ८० ते ३२० फूट. म्हटलं पोरगी एवढ्या प्रेमाने काहीतरी घेऊन आलीय आणि तिलाच सगळ्यात फुसकं हत्यार मिळतंय, हे बरोबर नाही.

म्हणून तिसऱ्या लेव्हलला मी हाउसरूल (पुस्तकाबाहेरचा आपल्या टेबलचा नियम) केला. गोफणगुंडा लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) सेव्ह करायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून बचाव, आणि त्याला गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा सरावाचा आकडा) अधिक तिचं डेक्स्टेरिटी (चपळाई). सेव्ह हुकला तर तो तिच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत स्टन, म्हणजे सुन्न, काही करू शकत नाही. किती वेळा वापरायचं यावर काही मर्यादा ठेवली नाही, कारण गोबलिन आणि लांडग्यांसमोर ते छान चालत होतं, एखादा गोबलिन डोक्यात दगड बसून डोलतोय म्हणजे मजाच.

आता सगळे पाचव्या लेव्हलला आहेत. दोन रविवारांपूर्वी घाटवाट अडवून बसलेल्या राक्षसाशी लढाई होती, दोन महिने मी त्याची तयारी करत होतो, आकडे पुस्तकातल्या ट्रोलचेच घेतले होते. पहिल्याच राउंडला स्टन, तिसऱ्याला परत स्टन, त्याने अख्ख्या लढाईत एकदा हल्ला केला आणि चौथ्या राउंडला मेला. बहीण खूश, फायटर ओरडत होता, सगळं ठीक. मला मात्र आतून कळलं की हे असंच चालू राहिलं तर पुढची एकही मोठी लढाई उभी राहणार नाही. मंक खेळणारा मित्र त्या दिवसापासून जरा गप्प गप्प आहे पण त्याचं ऑफिसचं टेन्शन असेल.

आता दोन रस्ते डोक्यात आहेत. एक म्हणजे पुढच्या मोठ्या मॉन्स्टरना स्टन लागतच नाही असं ठरवायचं, दुसरं म्हणजे नियमच काढून टाकायचा. दुसरं केलं तर तिला वाटेल की जिंकले म्हणून शिक्षा झाली. तुम्ही काय कराल?


फासेकरीण:

पहिला रस्ता अजिबात नको. मॉन्स्टरला स्टन लागत नाही असं केलंस की कागदावर तिची पॉवर राहते पण प्रत्येक महत्त्वाच्या लढाईत तिला फक्त "याच्यावर चालत नाही" एवढंच ऐकायला मिळतं, आणि नवीन प्लेअरला ते तीन वेळा ऐकवलं की चौथ्या वेळी ती विचारतच नाही. नियम चुकला असेल तर नियम बदल, तिच्या तोंडावर सांगून बदल. मॉन्स्टरच्या आडून बदलू नकोस.


आकडे_आधी:

भाऊ, तुझा हेतू चांगला होता पण तू ज्या गोष्टीची भरपाई करायला गेलास ती तूट मुळात किती होती हे मोजलंच नाहीस, तिथून सुरुवात करू.

चोराचं डॅमेज हत्यारातून येतच नाही, ते स्नीक अटॅकमधून (संधी साधून मारलं की मिळणारे जादा फासे) येतं. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅक ३डी६, म्हणजे सरासरी १०.५. डेक्स १८ धरलं तर वर ४. आता गोफण घे, १डी४ ची सरासरी २.५, एकूण १७. शॉर्टबो घे, १डी६ ची सरासरी ३.५, एकूण १८. फरक एक. एका फटक्यामागे एक हिट पॉइंट. आणि स्नीक अटॅक गोफणीलाही लागू आहेच, कारण अट फिनेस (चपळाईने चालवायच्या) किंवा रेंज्ड (लांबून मारायच्या) हत्याराची आहे आणि गोफण रेंज्डच आहे. खरी तूट पल्ल्यात आहे, ३० फूट म्हणजे राक्षसाच्या जवळजवळ अंगावरच उभं राहून मारायचं, आणि त्याबद्दल तुझा नियम काहीच करत नाही.

आता त्या एका पॉइंटच्या बदल्यात तू काय दिलंस ते बघ. ट्रोलचा आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) १५, तिच्या हल्ल्याच्या फाशावर +७, म्हणजे ८ किंवा वर पडलं की लागतं, ६५ टक्के. तिचा डीसी ८ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १५. ट्रोलचं कॉन्स्टिट्यूशन २०, म्हणजे +५, तो १० च्या खाली टाकतो तेव्हा हुकतो, ४५ टक्के. दोन्हींचा गुणाकार २९ टक्क्यांच्या थोडा वर. ऐकायला कमी वाटतं, पण ती दर राउंडला फुकट मारतेय. चार राउंडमध्ये किमान एकदा स्टन बसायची शक्यता ७५ टक्के येते. आणि ती चोर आहे, बोनस अॅक्शनने (टर्नमधली छोटी जादा कृती) लपून अॅडव्हांटेज (दोन फाशांतला जास्तीचा) घेऊन मारत असेल तर हल्ला लागायची शक्यता ८८ च्या आसपास जाते आणि चार राउंडमधलं स्टन ८७ टक्क्यांवर.

स्टनचा अर्थ पण बघ. हलता येत नाही, अॅक्शन नाही, रिअॅक्शन नाही, स्ट्रेंथ आणि डेक्सचे सेव्ह आपोआप हुकतात, आणि त्याच्यावरचा प्रत्येक हल्ला अॅडव्हांटेजने. एकट्या राक्षसासमोर चार जण असतात तेव्हा राक्षसाकडे राउंडला एकच टर्न असतो, तोच गेला तर लढाई संपल्यात जमा. गोबलिनच्या टोळीत एक गोबलिन डोलला तर बाकीचे आठ लढत असतात, म्हणून तुला तेव्हा काही जाणवलं नाही. नियम पहिल्या दिवसापासून तितकाच मोठा होता, फक्त समोर एकटं कोणी आलं नव्हतं.

आणखी एक माप देतो. २०२४ च्या पुस्तकात चोराला पाचव्या लेव्हलला कनिंग स्ट्राइक मिळतो, स्नीक अटॅकचे फासे सोडून द्यायचे आणि त्या बदल्यात काहीतरी परिणाम घ्यायचा. समोरच्याला आडवं पाडायचं तर १ फासा. चौदाव्या लेव्हलला वरचे प्रकार येतात, त्यात समोरच्याला पुढच्या टर्नला हालचाल किंवा अॅक्शन किंवा बोनस अॅक्शन यातलं एकच करू द्यायचं असेल तर २ फासे, आणि बेशुद्ध पाडायचं तर ६ फासे, वर सेव्ह आहेच. म्हणजे ज्यांनी हा क्लास पुन्हा मांडला त्यांच्या हिशोबात अर्धवट स्टनसुद्धा चौदाव्या लेव्हलची आणि ७ डॅमेज सोडून घ्यायची गोष्ट आहे. तू पूर्ण स्टन तिसऱ्या लेव्हलला फुकट दिलंस.


कल्याणचा_क्लेरिक:

वरचे आकडे एकदम बरोबर पण मला वाटतं खरी अडचण पोस्टच्या शेवटच्या ओळींमध्ये आहे आणि ती तू ऑफिसवर ढकललीस.

मंकला पाचव्या लेव्हलला काय मिळतं ते आठव. स्टनिंग स्ट्राइक, म्हणजे फटक्याने समोरच्याला स्टन करणं. ती त्या लेव्हलची त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, लोक चार लेव्हल त्याची वाट बघतात. आणि त्यासाठी त्याला जवळ जाऊन मारावं लागतं, दर प्रयत्नाला एक 'की' पॉइंट (मंकच्या शक्तीचा मोजका साठा) जातो, पाचव्या लेव्हलला पॉइंट असतात पाच, संपले की शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) होईपर्यंत हात बांधलेले. त्याचा डीसी विजडमवर (शहाणपण), विजडम १६ असेल तर ८ अधिक ३ अधिक ३, म्हणजे १४. तुझ्या बहिणीचा १५. म्हणजे शेजारी बसलेली नवीन मुलगी ३० फुटांवर सुरक्षित उभी राहून, काहीही खर्च न करता, त्याच्यापेक्षा वरच्या डीसीने तेच करतेय, आणि तेही त्याच्या दोन लेव्हल आधीपासून.

त्या राक्षसाच्या लढाईत त्याने किती की पॉइंट वापरले आठवतंय का? माझा अंदाज, एखाददुसरा वापरून सोडून दिलं असेल. त्याच्याशी बोल रे आधी. बहिणीला वाईट वाटेल याचा तू एवढा विचार केलास, याचा केलाच नाहीस.


घाटवाट_डीएम:

क्लेरिकभाऊ, तुमचं वाचून मी थेट त्याला फोन केला. त्याने एक पॉइंट वापरला होता, बरोब्बर. म्हणाला की पाचवी लेव्हल झाली त्या रात्री घरी जाऊन मी स्टनिंग स्ट्राइकबद्दल वाचत बसलो होतो, कुठे कसं वापरायचं ते ठरवलं होतं, आणि मग टेबलवर माझी टर्न यायच्या आत राक्षस स्टन झालेला असायचा, तर मी काय करणार. मी विचारलं बोलला का नाहीस तर म्हणाला ती तुझी बहीण आहे, पहिल्यांदा खेळतेय, एवढी खूश होती, मी कसं बोलू. मला खरंच फार वाईट वाटलं. आठ वर्षांपासूनचा मित्र आहे तो.

म्हणजे नियम जाणार हे नक्की झालं. पण तिला काय द्यायचं?


म्हापशाची_बार्ड:

मी गोव्यातून. काढायचा तर काढ, पण आमच्याकडे काय झालं ते सांगते कारण आमची चूक तुझ्यापेक्षा वेगळी आणि तरी तीच होती.

आम्ही नियम केला होता की हल्ल्याच्या डी२० वर (वीस बाजूंचा फासा) १ पडला तर हत्यार हातातून सुटतं. सगळ्यांना लागू, म्हणून सगळ्यांना मान्य. वर्षभर चालवला. हळूहळू आमचा फायटर चिडायला लागला आणि आम्हाला कळेचना का, नियम तर सगळ्यांना सारखाच. मग एकदा आम्ही बसून मोजलं. एक हल्ला करणाऱ्याचं हत्यार टर्नला ५ टक्के वेळा पडतं. अकराव्या लेव्हलच्या फायटरला तीन हल्ले असतात, त्याचं १४ टक्के वेळा. अॅक्शन सर्ज (त्याच टर्नला आणखी एक कृती) वापरून सहा हल्ले केले तर २६ टक्क्यांच्या वर. म्हणजे माणूस जितका कसलेला तितकी तलवार जास्त पडते. आणि आमची विझार्ड (जादूगार)? ती फायरबॉल टाकते तेव्हा डी२० समोरचे टाकतात, ती टाकतच नाही. वर्षभरात तिचं काहीही कधी पडलं नाही. कागदावर नियम सगळ्यांचा होता आणि भार एकट्या फायटरवर.

त्यानंतर आमच्याकडे कोणीही नवीन नियम आणला की आधी सगळ्यांची कॅरॅक्टर शीट टेबलवर मांडायची आणि विचारायचं, याने कोणाचा हात वर जातो आणि कोणाचा खाली. ज्याने नियम मागितला त्याच्या शीटकडे सगळेच बघतात, बाकीच्या तिघांच्या शीटकडे बघायचं राहून जातं. तुझं पण तेच झालं.

आणि बहिणीबद्दल. तिने स्टन मागितलं होतं का? मला तुझ्या पोस्टमध्ये दिसलं नाही. तिने गोफण मागितली. स्टन तू दिलंस. तिला जाऊन विचार की गोफणीतलं तिला नेमकं काय हवं होतं.


सहा_बाजू:

बार्डताईंना अनुमोदन. मी हल्ली डी अँड डी कमी आणि फेट (असाच दुसरा खेळ) जास्त खेळतो, तिथे प्रत्येक कॅरॅक्टरला तीन स्टंट फुकट मिळतात आणि साधा स्टंट म्हणजे एका ठरावीक परिस्थितीत +२. परिस्थिती वाक्यात लिहावीच लागते, "अमुक असताना अमुक करताना". ते वाक्य लिहिताना आपोआप कळतं की प्लेअरला काय हवंय, कारण +२ सगळ्यांचं सारखंच असतं, वेगळेपण सगळं त्या अटीत असतं. तिला एक वाक्य लिहायला सांग, आकडा तू नंतर बसव.

आणि नियमाला मुदत घाल. गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा एक हात आउट हा नियम आमच्या गल्लीत आला कारण समोरच्या काकूंच्या काचा फुटत होत्या, पुढे आम्ही मैदानावर खेळायला गेलो तेव्हा तो आपोआप सुटला, कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही कारण तो का आला होता हे सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या नियमाचं कारण टेबलवर कोणालाच माहीत नाही, ते फक्त तुझ्या डोक्यात होतं.


घाटवाट_डीएम:

काल बहिणीला भेटलो, सगळं सांगितलं, मंकचं पण सांगितलं (त्याला विचारून). ती आधी दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली दादा मला वाटलं सगळ्यांनाच असं काहीतरी मिळतं. तिला बिचारीला माहीतच नव्हतं की मंकला तीच गोष्ट की पॉइंट मोजून मिळते म्हणून, तिने दुसऱ्या क्लासची पानं कशाला वाचावी.

मग मी विचारलं गोफणीत तुला काय आवडतं, एक वाक्य लिही. तिने जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "आजोबांचा दगड पाखराला कधी लागायचा नाही, गोफणीचा आवाज झाला की पाखरं उठायची आणि पीक वाचायचं."

मी ते वाचून गप्प झालो. खरंच तसंच होतं. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं असतं, दुसरं सोडलं की चाबकासारखा फटकारा वाजतो आणि अख्खा थवा उठतो. दगड कुठेतरी बांधावर जाऊन पडायचा. आजोबा पाखरं मारायला उभे नसायचे, राखण करायला उभे असायचे. आणि मी त्या गोफणीचं राक्षसाच्या डोक्यात घालायचं हत्यार करून टाकलं.

तर आता नवा नियम असा मांडलाय, बघा कसा वाटतो. नाव "राखण". स्नीक अटॅक लागला की तिने हवं तर एक डी६ सोडायचा आणि आपल्या माणसांपैकी एकाचं नाव घ्यायचं. समोरच्याने विजडम सेव्ह करायचा, डीसी तोच १५. हुकला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो त्या माणसाच्या जवळ जाऊ शकत नाही, बाकी सगळं करू शकतो. पाखरांचे आणि वटवाघळांचे थवे असतील तर फासा सोडायची गरज नाही, नुसत्या आवाजाने सेव्ह. शिवाय गोफणीचा पल्ला ६० आणि १८० केला, डॅमेज १डी४ तसंच ठेवलं, कारण एका पॉइंटने काही बिघडत नाही हे आकडे_आधी यांनी दाखवलंच.


आकडे_आधी:

वाक्य वाचून मलाही आजी आठवली, राखण नाव अगदी नेमकं आहे.

आता हिशोब. विजडम सेव्ह निवडलास तर हे ध्यानात घे की मोठ्या आडदांड मॉन्स्टरचं विजडम बहुतेक वेळा पडलेलं असतं. ट्रोलचं विजडम ९, म्हणजे -१, डीसी १५ ला त्याला १६ हवेत, ७५ टक्के वेळा हुकणार. स्टनच्या वेळी ४५ टक्के होतं. म्हणजे नवा नियम जुन्यापेक्षा जास्त वेळा लागेल. पण मी याला हरकत घेणार नाही, दोन कारणं. एक, परिणाम हलका आहे, राक्षसाची टर्न त्याच्याकडेच राहते, तो दुसऱ्या कोणावर जातो किंवा दगड फेकतो, म्हणजे लढाई चालू राहते आणि मंकच्या स्टनला जागा राहते. दोन, दर वेळी सरासरी ३.५ डॅमेज सोडावं लागतंय, सतरामधून साडेतीन, म्हणजे पाचवा हिस्सा, ते जाणवतं. जी पॉवर हलकी असते ती वारंवार लागली तर बरंच, नवीन प्लेअरला दर दोन राउंडला एकदा तरी आपलं काहीतरी चाललं असं वाटायला हवं. उलट जड पॉवर क्वचित लागावी आणि तिचा खर्च असावा. तुझं आधी जड आणि फुकट झालं होतं.

एक भोक मात्र बुजव. "जवळ जाऊ शकत नाही" म्हणजे आधीच अंगाला भिडलेला असेल तर काय? तसं लिहिलं नाहीस तर ऐन लढाईत वीस मिनिटं वाद होईल. माझं मत, भिडलेला असेल तर तो हल्ला करू शकतो, नियम फक्त हालचालीवर आहे. म्हणजे तिला राक्षस पोचायच्या आत वापरावं लागेल, आणि राखणही तशीच असते ना, पाखरं कणसावर बसायच्या आत.


फासेकरीण:

शेवटची ओळ थेट नियमाच्या कार्डावर लिही.

आणि मंकला विचारलंस का नवा नियम चालेल का ते? काही द्यायची गरज नाही त्याला, फक्त विचार.


घाटवाट_डीएम:

विचारलं. त्याने नियम वाचला आणि पहिलं वाक्य हे बोलला की मग तिने माझं नाव घेतलं तर मी राक्षसाच्या शेजारून पळत मागे जाऊ शकतो, तो माझ्या मागे येणार नाही. तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.


दुबईकर_ड्रुइड:

मी शुक्रवारी रात्री ऑनलाइन टेबल चालवतो, आमच्यात सगळे तीन देशांत विखुरलेले आहेत म्हणून नियम लेखी नसला तर पुढच्या आठवड्याला प्रत्येकाच्या आठवणीत वेगळा नियम असतो. एक सवय सांगतो, प्रत्येक हाउसरूलखाली तारीख आणि "किती सेशनपर्यंत" लिहायचं. आम्ही तीन लिहितो. तीन सेशन झाले की पाच मिनिटं बोलायचं, ठेवायचा की बदलायचा. सगळ्यांना आधीच माहीत असतं की हे बदलू शकतं, म्हणून बदललं तर कोणाचं काही काढून घेतलं असं होत नाही. तुझ्या पहिल्या नियमाला ही ओळ असती तर तुला हा धागा काढावाच लागला नसता कदाचित.

जुन्या राक्षसाची लढाई मात्र परत खेळवू नका, ती जिंकली ती जिंकली.


घाटवाट_डीएम:

नाही नाही, राक्षस मेला तो मेला, गावाने त्यांना पागोटी दिली तीही राहिली.

रविवारचं सांगतो आणि थांबतो. गोष्टीत मी एवढंच घातलं की घाट उतरताना तिच्या गोफणीचा जुना दोर तुटला आणि गावातल्या एका म्हातारीने अंबाडीचा नवा वळून दिला, आणि म्हणाली पोरी, माणसं मारायला खूप जण आहेत, राखणीला कोणी नाही. कार्ड टेबलवर ठेवलं, तारीख घातली, तीन सेशन लिहिलं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, का बदललं तेही सांगितलं.

लढाई पुलावर झाली, दोन ओगर आणि त्यांचा म्होरक्या. दुसऱ्या राउंडला क्लेरिक शून्यावर पडली होती आणि एक ओगर तिच्याकडेच निघाला होता, डेथ सेव्हचा (मरणार की वाचणार ते ठरवणारा फासा) एक हुकलेला होता. बहिणीने गुंडा मारला, फासा सोडला आणि क्लेरिकचं नाव घेतलं. मी ओगरसाठी टाकले, पडले ६, विजडम त्याचंही बेताचंच, हुकला. ओगर पुलाच्या मधोमध थबकला आणि मागे वळून मंकवर गेला, आणि मंक म्हणाला हीच वाट बघत होतो, आणि दोन की पॉइंट घालून त्याने ओगरला स्टन केलं. पहिला प्रयत्न वाया गेला, दुसरा बसला. मग फायटरने अॅडव्हांटेजने चार हल्ले केले आणि तो ओगर नदीत.

म्होरक्या पळून गेला, तो पुढे येईलच. बहिणीने पुढच्या वेळेसाठी एकच विचारलंय, राखण करताना ती आपलं स्वतःचं नाव घेऊ शकते का. कार्डावर "आपल्या माणसांपैकी एक" असं लिहिलंय. मी सध्या नाही म्हटलंय, तुम्हाला काय वाटतं?


आकडे_आधी:

नाहीच ठेव. लपायला तिच्याकडे बोनस अॅक्शन आहे, तिला स्वतःसाठी राखण लागत नाही.


म्हापशाची_बार्ड:

मी पण नाही म्हणेन. आणि ती ओळ लिहिताना तिचं आजोबांबद्दलचं वाक्य कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेव, तीन सेशननंतर बोलायला बसाल तेव्हा समोर असू दे.